एकच देश, स्त्रियांच्या स्थितीचे अनेक नकाशे

भारतातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) विवाहित स्त्रियांना तीन निर्णयांविषयी विचारण्यात आले होते: स्वतःच्या आजारपणावरचे उपचार, घरातील मोठी खरेदी आणि माहेरी किंवा नातेवाइकांकडे जाणे. या तिन्ही निर्णयांत आपला सहभाग असतो, असे ७१ टक्के स्त्रियांनी सांगितले. त्याच सर्वेक्षणात, बाजारात, दवाखान्यात आणि गावाबाहेर एकटीने जाण्याची मुभा आहे का, या प्रश्नाला तिन्ही ठिकाणांसाठी ‘हो’ म्हणणाऱ्या स्त्रिया मात्र ४२ टक्केच निघाल्या. घरात मत विचारले जाते, पण उंबरठा ओलांडताना परवानगी लागते, अशी ही देशाची सरासरी आहे. एकटीने वावरण्याच्या मुभेत हिमाचल प्रदेश इतर राज्यांच्या कितीतरी पुढे आहे, आणि ज्या केरळचे नाव स्त्रियांच्या प्रगतीसाठी नेहमी पहिल्यांदा घेतले जाते, ते केरळ या एका बाबतीत तळाच्या राज्यांमध्ये आहे.

हा अपवाद नव्हे. एका देशातील प्रदेशांची ‘पुढारलेले’ आणि ‘मागासलेले’ अशी उतरंड लावण्याची आपली सवय या विषयात फारशी कामाची नाही, हे त्यातून दिसते. शिक्षण, पैसा, वावर, सुरक्षितता, मालमत्ता आणि राजकारण या प्रत्येक बाबतीत स्त्रियांच्या स्थितीचा नकाशा वेगळा निघतो, हे नकाशे एकमेकांवर ठेवले तर जुळत नाहीत, आणि ते का जुळत नाहीत हे समजून घेतल्याखेरीज कोणत्याही एका प्रदेशाविषयी ठाम विधान करणे धोक्याचे ठरते.

आधी मोजायचे काय, ते ठरवायला हवे. सक्षमीकरणाची जी मांडणी आज सर्वाधिक वापरली जाते, ती अर्थतज्ज्ञ नैला कबीर यांनी १९९९ मध्ये केली. त्यांच्या मते यात तीन गोष्टी गुंतलेल्या असतात. पहिली संसाधने, म्हणजे शिक्षण, जमीन, पगार, बँक खाते, तसेच आधार देणारी नाती. दुसरी, स्वतःची उद्दिष्टे ठरवून त्यानुसार वागण्याची ताकद. यात निर्णय घेणे येते, तसेच वाटाघाट करणे, विरोध करणे आणि प्रसंगी चकवा देणेही येते. तिसरी फलिते, म्हणजे या दोहोंमधून प्रत्यक्ष काय हाती लागले. या मांडणीचा खरा उपयोग असा की, संसाधन हाती आले म्हणजे ताकद आपोआप आली असे ती गृहीत धरत नाही. खाते पत्नीच्या नावावर असते आणि कार्ड पतीच्या खिशात असते, ही परिस्थिती सर्वेक्षणातही दडून राहू शकते. म्हणूनच वर उल्लेखलेल्या सर्वेक्षणात ‘खाते आहे का’ एवढ्यावर न थांबता ‘जे तुम्ही स्वतः वापरता असे खाते आहे का’ असे विचारले जाते. चौथ्या आणि पाचव्या फेरीच्या दरम्यान हे प्रमाण ५३ टक्क्यांवरून ७८.६ टक्क्यांवर गेले, पण स्वतः वापरत असलेला मोबाइल फोन जवळ असणाऱ्या स्त्रिया पाचव्या फेरीतही ५४ टक्केच होत्या. खाते उघडून देणे सरकारला जमते. फोन मात्र घरातल्या माणसांनी हाती द्यावा लागतो.

न जुळणारे नकाशे

नागालँडचे उदाहरण घेऊ. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील स्त्रियांची साक्षरता सुमारे ६५ टक्के होती आणि नागालँडमध्ये ७६ टक्के. पतीकडून होणाऱ्या हिंसाचाराचे सर्वेक्षणात नोंदलेले प्रमाण देशभरात २९.३ टक्के असताना नागालँडमध्ये ते ६.४ टक्के होते, म्हणजे देशातील सर्वांत कमी राज्यांपैकी एक. या दोन आकड्यांवरून कोणीही हा प्रदेश स्त्रियांसाठी अनुकूल ठरवील. मात्र १९६३ मध्ये राज्य स्थापन झाल्यापासून तेथील विधानसभेत निवडून गेलेली पहिली स्त्री २०२३ सालची आहे. त्या वर्षी हेकानी जाखालू आणि सालहौतुओनुओ क्रुसे या दोघी निवडून आल्या. नगरपालिकांमध्ये स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखून ठेवण्याला तेथील आदिवासी संघटनांचा इतका तीव्र विरोध होता की, २०१७ मध्ये त्यावरून हिंसाचार झाला आणि अशा आरक्षणासह निवडणूक प्रत्यक्षात व्हायला २०२४ उजाडले. विरोधकांचे म्हणणे असे होते की, संविधानाच्या अनुच्छेद ३७१अ ने नागा रूढींना संरक्षण दिले आहे आणि गावकारभार हा रूढीने पुरुषांचा प्रांत आहे. घरात तुलनेने कमी हिंसा आणि सभागृहात शून्य जागा, या दोन्ही गोष्टी एकाच समाजात साठ वर्षे एकत्र नांदल्या.

ईशान्येतल्याच मेघालयाचेही असेच आहे. खासी समाजात वंश आईकडून चालतो आणि वडिलोपार्जित घर सर्वांत धाकट्या मुलीकडे जाते. इंडोनेशियातील पश्चिम सुमात्रामध्ये मिनांगकाबाऊ समाजातही घर आणि शेती स्त्रियांच्या वंशातून पुढे जाते. अशा उदाहरणांवरून ‘मातृसत्ता’ असा निष्कर्ष घाईने काढला जातो, तो चुकीचा आहे. खासी समाजातील पारंपरिक गाव-दरबार पुरुषांचाच राहिला, मालमत्तेच्या व्यवहारात मामाचा शब्द वजनदार असतो, आणि मेघालयाच्या साठ सदस्यांच्या विधानसभेत निवडून येणाऱ्या स्त्रिया आजही हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच असतात. वारसा मुलीकडे आणि कारभार भावाकडे, अशी ही विभागणी आहे. जमिनीचा मालक कोण आणि जमिनीविषयी बोलणार कोण, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत, हे यातून शिकायला मिळते.

दक्षिण भारत स्त्रियांच्या बाबतीत पुढारलेला आहे, या समजाला तर याहून मोठा धक्का बसतो. सर्वेक्षणात स्त्रियांना सात कारणे सांगून, त्यांपैकी कोणत्याही कारणासाठी पतीने पत्नीला मारणे योग्य आहे का, असे विचारले जाते. न सांगता बाहेर जाणे, सासरच्यांचा मान न राखणे, स्वयंपाक नीट न करणे अशी ती कारणे आहेत. तेलंगणात सुमारे ८४ टक्के स्त्रियांनी निदान एका कारणासाठी मारहाण योग्य मानली, आंध्र प्रदेशातही जवळपास तेवढ्याच, केरळमध्ये ५२ टक्के आणि हिमाचल प्रदेशात १५ टक्के. बचत गटांचे जाळे देशात अतिशय दाट विणले गेले ते याच तेलुगू भाषक प्रदेशांत. म्हणजे गटात बसणे, कर्ज काढणे आणि हप्ते फेडणे या गोष्टी अंगवळणी पडल्या, तरी पतीच्या हाताला असलेली सामाजिक मान्यता तितक्या वेगाने ओसरली नाही. अर्थात, ‘योग्य आहे’ असे उत्तर देणारी स्त्री स्वतःचे मत सांगते आहे की आजूबाजूला काय चालते ते सांगते आहे, हे या प्रश्नातून नेमके कळत नाही, ही मर्यादाही लक्षात ठेवायला हवी.

आणि हरियाणा. २०११ मध्ये शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या देशात ९१९ होती, हरियाणात ८३४, म्हणजे सर्व राज्यांत सर्वांत कमी. त्याच हरियाणाच्या साक्षी मलिक हिने २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवले, आणि देशाच्या महिला कुस्तीचा कणा हा प्रदेश आहे. जन्माला येण्याची शक्यता कमी, पण जन्मल्यानंतर काहींसाठी आखाड्याची वाट मोकळी, असा हा विरोधाभास आहे. याउलट उत्पन्नात हरियाणाच्या बरेच मागे असलेल्या छत्तीसगडमध्ये हाच आकडा ९६९ होता. समृद्धी वाढली की मुलींचे प्रमाण सुधारते, ही अपेक्षा इथे साफ कोसळते. पैसा आल्याने गर्भलिंग तपासणीचा खर्च परवडू लागतो, हे त्याचे एक साधे कारण आहे.

माती, लग्नाचे अंतर आणि कायदा

हे फरक कोठून येतात, याची एकच एक उकल नाही, परंतु काही कारणे बरीच तपासली गेली आहेत आणि त्यांतील पहिले कारण थेट जमिनीत आहे. अर्थतज्ज्ञ एस्टर बोसरुप यांनी १९७० मध्ये असे मांडले की, जिथे शेती फिरती होती आणि खुरपे-कुदळीने केली जात होती तिथे स्त्रियांचा शेतीकामातील वाटा मोठा राहिला, आणि जिथे नांगर आला तिथे शेत पुरुषाचे व घर स्त्रीचे अशी विभागणी रुजली, कारण नांगर ओढणारी जनावरे आवरायला अंगातले बळ जास्त लागते आणि ते काम सोडून मध्येच मुलाकडे पाहता येत नाही. अनेक दशकांनंतर अर्थशास्त्रज्ञांनी जगभरातील माहितीवर हा कयास तपासला, तेव्हा ज्यांच्या पूर्वजांनी नांगराची शेती केली, त्या समाजांत आजही नोकरी करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण कमी आढळले. शेतीशी काडीचाही संबंध न उरलेल्या, परदेशात जन्मलेल्या वंशजांमध्येही हा ठसा पुसट का होईना दिसला.

भारतातील मातीवर झालेला अभ्यास तर अधिकच सूक्ष्म आहे. पोयट्याच्या भुसभुशीत जमिनीत खोल नांगरट सहज होते आणि पुढची पेरणी-खुरपणीची मजुरी कमी लागते. चिकण जमिनीत खोल नांगरट अवघड असते आणि लावणी, खुरपणी यांसाठी स्त्रियांचे हात जास्त लागतात. एकाच राज्यातील जिल्ह्यांची तुलना केली, तरी भुसभुशीत मातीच्या जिल्ह्यांत शेतीतील स्त्रियांचा वाटा कमी आणि लहान मुलींचे प्रमाणही कमी असल्याचे आढळले. मुलीचे मोल तिच्या मजुरीवरून ठरावे हे वाचायला कटू आहे, पण घराघरांतील हिशेब पिढ्यान्‌पिढ्या असाच मांडला गेला असावा, असे हे आकडे सुचवतात. यावरून मातीच सगळे ठरवते असे मात्र म्हणता येत नाही. माती बदलत नाही. स्त्रियांची स्थिती बदलते.

दुसरे कारण लग्नव्यवस्थेत आहे. टिम डायसन आणि मिक मूर यांनी १९८३ मध्ये उत्तर आणि दक्षिण भारतातील फरकाचा माग काढताना, मुलगी किती दूर आणि कोणाच्या घरी दिली जाते, यावर बोट ठेवले. उत्तरेत गावाबाहेर, अनोळखी घरात मुलगी देण्याची रीत; त्यामुळे लग्नानंतर माहेरचा आधार तुटतो, नवी सून सासरच्या देखरेखीत एकटी पडते, आणि मुलीवर केलेला खर्च परक्या घरी जातो असे आईवडिलांना वाटते. दक्षिणेत मामाच्या किंवा आत्याच्या घरी, जवळच्या गावात लग्न होण्याची प्रथा असल्याने सून ही पूर्वीपासूनची नातलग असते आणि भांडण झाले तर आईचे घर चालत जाण्याच्या अंतरावर असते. या मांडणीवर नंतर बरीच टीका झाली, आणि दक्षिणेतही आता नात्यातली लग्ने कमी होत आहेत व हुंडा वाढला आहे. तरीही तिच्यातला मुख्य मुद्दा टिकून आहे असे मला वाटते: स्त्रीची वाटाघाटीची ताकद तिच्या पदवीइतकीच, संकटात ती कोणाच्या दारात उभी राहू शकते यावर ठरते.

तिसरे कारण कायदा. देशाचा कायदा सर्वत्र सारखा असतो असे आपण धरून चालतो, पण इतिहास तसा नाही. स्वित्झर्लंडमध्ये १९५९ च्या सार्वमतात पुरुष मतदारांनी स्त्रियांना मताधिकार नाकारला, तरी त्याच वर्षी व्हो या प्रांताने आपल्या हद्दीत तो दिला. राष्ट्रीय पातळीवर तो १९७१ मध्ये मिळाला. अप्पेनझेल इनररोडेन या छोट्या प्रांतात मात्र उघड्यावरच्या ग्रामसभेत हात वर करून मतदान होत असे, आणि तेथील पुरुष १९९० पर्यंत नकारच देत राहिले. अखेर संघीय न्यायालयाने त्याच वर्षी स्त्रियांना सहभागाचा हक्क मिळवून दिला. (ज्यांना हक्क द्यायचा नाही त्यांनीच तो द्यायचा की नाही हे ठरवायचे, या व्यवस्थेला एवढा उशीर लागला यात नवल नाही.) अमेरिकेतही वायोमिंगने, तो केवळ एक प्रदेश असताना, १८६९ मध्ये स्त्रियांना मताधिकार दिला आणि देशभरासाठीची घटनादुरुस्ती १९२० मध्ये झाली, मधल्या पन्नास वर्षांत पश्चिमेकडील राज्ये या बाबतीत पूर्वेच्या पुढे होती.

भारतात मुलींच्या वारसाहक्काचा प्रवास असाच तुकड्यातुकड्यांनी झाला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलींना वडिलांच्या स्वतंत्र मालमत्तेत वाटा दिला, पण एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हिस्सा मुलांनाच राहिला. केरळने १९७५ च्या कायद्याने एकत्र कुटुंबाची ही पद्धतच मोडीत काढली. आंध्र प्रदेशाने १९८० च्या दशकाच्या मध्यात, तमिळनाडूने १९८९ मध्ये आणि महाराष्ट्र व कर्नाटक यांनी १९९४ मध्ये मुलींना मुलांबरोबरीचा हिस्सा दिला, आणि उर्वरित देशाला २००५ पर्यंत थांबावे लागले. महाराष्ट्रात कायदा लागू होण्याआधी लग्न झालेल्या मुलींना तो हक्क नव्हता, म्हणजे एकाच घरातील दोन बहिणींपैकी एकीला हिस्सा मिळे आणि दुसरीला नाही. संशोधकांच्या दृष्टीने ही विषमता उपयोगाची ठरली. महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कुटुंबांची तुलना करून असे दाखवता आले की, बदललेल्या कायद्यामुळे मुलींना जमीन मिळण्याची शक्यता वाढली, त्यांचे लग्नाचे वय आणि शिक्षण वाढले, पण भावांच्या तुलनेतला भेदभाव मात्र पूर्णपणे संपला नाही. हक्कसोड पत्रावर सही करून भावाशी नाते टिकवणाऱ्या बहिणी कोणत्याही तलाठी कार्यालयाला नवीन नाहीत.

कायद्याहूनही रोजच्या जगण्याच्या जवळचे असते ते राज्ययंत्रणेने काय उभारून दिले आहे. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण जर्मनी आहे, कारण तिथे एकच भाषा आणि समान इतिहास असलेला समाज चाळीस वर्षे दोन व्यवस्थांखाली राहिला. पूर्वेत साम्यवादी राजवटीने स्त्रियांनी पूर्णवेळ नोकरी करावी यासाठी पाळणाघरांचे मोठे जाळे उभारले. पश्चिमेत १९७७ पर्यंत, विवाहित स्त्रीने नोकरी करणे हे तिच्या संसारातील कर्तव्यांशी जुळत असेल तरच कायद्याला मान्य होते. १९९० मध्ये देश एक झाला. २०२३ मध्येही स्त्री-पुरुषांच्या तासाच्या सरासरी वेतनातील तफावत पश्चिमेत १९ टक्के आणि पूर्वेत ७ टक्के होती, आणि तीन वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुले पूर्वेत पाळणाघरात जात असताना पश्चिमेत हे प्रमाण सुमारे एक तृतीयांश होते. येथे एक सावधगिरी हवी: पूर्वेतील तफावत कमी असण्याचे एक कारण तेथील पुरुषांचे वेतनही कमी आहे, हे आहे. दरी बुजली म्हणजे दोन्ही काठ उंचावले, असे नेहमीच नसते.

जर्मनीतील आणखी एक निष्कर्ष मला सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो. पूर्वेत वाढलेल्या स्त्रिया पश्चिमेत राहायला गेल्या, तरी बाळंतपणानंतर त्या पश्चिमेतील स्त्रियांपेक्षा लवकर कामावर परततात. आणि पश्चिमेत वाढलेल्या स्त्रिया पूर्वेत आल्या की बऱ्याच अंशी तेथील रीत उचलतात. म्हणजे लहानपणी आईला कामावर जाताना पाहिलेले असणे टिकाऊ असते, आणि आजूबाजूला सगळ्याच जणी कामावर जात असतील तर वेगळ्या संस्कारांची स्त्रीही त्यांच्यात सामील होते. प्रदेशाचा परिणाम आणि माणसाचा परिणाम वेगळे काढण्याची अशी संधी क्वचितच मिळते. इटलीत, जिथे कायदा सर्वत्र एकच आहे, उत्तरेत साठ टक्क्यांहून अधिक स्त्रिया कमावत्या असताना दक्षिणेत हे प्रमाण चाळीसच्याही खाली आहे. तिथे पाळणाघरांची टंचाई आणि मुळात नोकऱ्यांचीच टंचाई या दोन गोष्टी इतक्या गुंतल्या आहेत की, त्यांना सुटे करणे कठीण आहे.

कमावते हात नेहमीच मोकळे असतात असे नाही

‘काम करणाऱ्या स्त्रिया जास्त, म्हणजे सक्षमीकरण जास्त’ हे समीकरण तर प्रादेशिक तुलनेत सर्वांत जास्त फसवते. २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी दाखवले आहे की, गरीब शेतीप्रधान अवस्थेत स्त्रियांचे कामातील प्रमाण जास्त असते, उत्पन्न वाढू लागले की ते घसरते, आणि शिक्षण व कार्यालयीन नोकऱ्या वाढल्यावर पुन्हा चढते. त्यामुळे एखाद्या जिल्ह्यात स्त्रियांचा कामातील सहभाग जास्त दिसला, तर तो जिल्हा या वळणाच्या पहिल्या टोकाला आहे की शेवटच्या, हे पाहावे लागते. भारतात पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा श्रमशक्तीतील सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के नोंदला गेला. ही वाढ मोठी आहे, पण तिच्यातला मोठा हिस्सा ग्रामीण भागातील स्वयंरोजगाराचा, आणि त्यातही घरच्या शेतात किंवा धंद्यात बिनपगारी राबणाऱ्या स्त्रियांचा आहे. मजुरी हातात न येणारे काम आकडा वाढवते. घरातील शब्दाचे वजन ते वाढवतेच असे नाही.

पुरुषांचे स्थलांतरही अशीच गुंतागुंत निर्माण करते. रत्नागिरी जिल्ह्यात २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, कारण पिढ्यान्‌पिढ्या कर्ते पुरुष मुंबईला गेले आणि घर, शेती, कागदपत्रे व शाळा हा सारा भार मागे राहिलेल्या स्त्रियांनी वाहिला. जबाबदारी वाढते, हे उघड आहे. अधिकारही वाढतो का? भारतातील एका मोठ्या कौटुंबिक सर्वेक्षणावर आधारलेल्या संशोधनाचे उत्तर असे आहे की, पती बाहेरगावी असलेली स्त्री स्वतंत्र संसारात असेल तर तिची जबाबदारी आणि स्वायत्तता दोन्ही वाढतात, आणि सासू-सासऱ्यांच्या एकत्र घरात असेल तर दोन्ही फारशा वाढत नाहीत. एकाच गावात, एकाच कारणाने, शेजारशेजारच्या दोन घरांत वेगळा परिणाम होऊ शकतो.

राज्याची सरासरीही देशाच्या सरासरीइतकीच झाकून ठेवणारी असते. महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयोगटातील ज्या स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाले होते त्यांचे प्रमाण पाचव्या फेरीत सुमारे २२ टक्के होते, म्हणजे देशाच्या २३.३ टक्क्यांच्या जवळच. परंतु परभणी आणि बीड या जिल्ह्यांत ते ४० टक्क्यांच्या वर होते, तर कोकणच्या दक्षिण टोकाला नगण्य. मराठवाड्यातील ऊसतोडीच्या व्यवस्थेत मजुरीची उचल जोडप्याला, म्हणजे ‘कोयत्या’ला मिळते, मुलाचे लग्न झाले की घराची कमाई वाढते, आणि वयात आलेल्या मुलीला सहा महिने गावी मागे ठेवण्याची किंवा फडावरच्या उघड्या झोपड्यांत सोबत नेण्याची भीती आईवडिलांना असते. अशा ठिकाणी बालविवाहाला केवळ ‘अज्ञान’ म्हणणे हे आळसाचे निदान आहे.

काय हलवता येते

यातून निराशा पत्करण्याचे कारण नाही, कारण काही धागे आश्चर्यकारक वेगाने हललेले आहेत. बिहार सरकारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली देण्यास सुरुवात केली. नंतरच्या अभ्यासात असे आढळले की, योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण त्यामुळे सुमारे ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलगे-मुलींमधील तफावत सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाली. माध्यमिक शाळा गावापासून दूर होती तिथे परिणाम अधिक होता. तिथे अडलेला धागा अंतराचा होता, आणि सायकल नेमकी त्यावर उतारा होती. त्याच वर्षी बिहारने पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखल्या, आणि २०१० पासून तेथील विधानसभा निवडणुकांत स्त्रियांच्या मतदानाची टक्केवारी पुरुषांपेक्षा जास्त राहिली आहे. तरीही पाचव्या फेरीत बिहारमधील बालविवाहाचे प्रमाण ४०.८ टक्के होते. शाळा आणि मतदान केंद्र यांच्यापर्यंतचा रस्ता मोकळा झाला. लग्नाचा बाजार मात्र आपल्याच नियमांनी चालत राहिला.

पंचायतीतील आरक्षणाविषयी ‘सरपंच ती, कारभार पतीचा’ हा टोमणा अनेक ठिकाणी खराही असतो. पण पश्चिम बंगाल आणि राजस्थानमध्ये झालेल्या ज्या अभ्यासाला २००४ नंतर मोठी मान्यता मिळाली, त्यात आरक्षित पद कोणत्या गावाला मिळेल हे चिठ्ठीसारख्या यादृच्छिक पद्धतीने ठरत असल्याने नेमकी तुलना शक्य झाली, आणि स्त्री प्रमुख असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यासारख्या, त्या-त्या भागातील स्त्रिया ज्यांच्याबद्दल तक्रार करत होत्या, त्या कामांवर जास्त खर्च केल्याचे दिसले. दोन्ही राज्यांत स्त्रियांच्या सर्वच मागण्या सारख्या नव्हत्या, आणि त्यानुसार खर्चाचा कलही काही बाबतींत वेगळा होता.

शेवटी आकडे वाचण्याविषयी. लेखाच्या सुरुवातीस ज्या सर्वेक्षणाचा उल्लेख आहे, त्यातील निर्णयसहभागाचा आकडा वर्तमानपत्रांत बहुतेक वेळा ‘८९ टक्के’ असा छापला जातो. तो, तीनपैकी निदान एका निर्णयात सहभाग असलेल्या स्त्रियांचा आहे. तिन्ही निर्णयांत सहभागी असलेल्या स्त्रिया ७१ टक्के आहेत. शिवाय ‘सहभाग’ यात पतीबरोबर मिळून घेतलेला निर्णयही मोजला जातो. हे सर्वेक्षण ७०७ जिल्ह्यांत झाले आणि लसीकरण, बालविवाह यांसारख्या गोष्टींची माहिती जिल्हावार मिळते. पण घरातील हिंसाचार आणि स्त्रियांचे काम या विषयांचे प्रश्न, वेळ आणि खर्च मर्यादित ठेवण्यासाठी, नमुन्यातील सुमारे १५ टक्के घरांतच विचारले जातात, त्यामुळे त्यांचे विश्वासार्ह आकडे फक्त राज्य पातळीवर उपलब्ध होतात. परिणामी एखाद्या जिल्हाधिकाऱ्याला आपल्या जिल्ह्यात किती मुलींचे लग्न लवकर झाले हे कळते, आणि किती स्त्रिया घरात मार खातात हे कळत नाही. जिल्ह्यांच्या क्रमवाऱ्या लावणारे निर्देशांक यातला पहिला प्रकार वापरून तयार होतात, आणि दुसऱ्या प्रकारची माहिती नसलेले जिल्हेही त्यांत एकाखाली एक नीट रांगेत बसवलेले दिसतात.